एफसी-१५० चा मागचा गोळा: देवगडच्या बागेतल्या एका पिकअपचे प्रकरण

गाडी महिंद्राची एफसी-१५० (एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल), फोर-व्हील पिकअप. देवगड तालुक्यातल्या कातळावरच्या एका हापूसच्या बागेत ती मार्च ते मे क्रेट वाहते आणि उरलेले बहुतेक वर्ष शेडमध्ये उभी असते. मूळचे पेट्रोल इंजिन कधीच निघाले, त्या जागी डिझेल आले. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणारी पेटी) आणि दोन्ही एक्सल मात्र मूळचेच. ऐन हंगामात भरलेली गाडी रिव्हर्समध्ये चढावर घेताना मागून कडाकड आवाज आला आणि मागची चाके मेली. इंजिन चालू, प्रोपेलर शाफ्ट फिरतोय, गाडी जागची हलत नाही. म्हणजे गेला तो मागचा गोळा: एक्सलच्या मधोमध बसून शाफ्टचे फिरणे चाकांकडे वळवणारा गिअरचा संच, डिफरन्शियल.

त्याआधीचा हंगामभर ती इशारा देत होती. ॲक्सिलरेटर सोडला की मागून बारीक घुईं ऐकू यायची, जोर दिला की थांबायची. नंतर संथ गतीत ठराविक अंतराने एक ठोका येऊ लागला. जोर सोडल्यावरचा आवाज म्हणजे बहुतेकदा पिनियनची (शाफ्टकडच्या लहान गिअरची) बेअरिंग सैल झालेली असतात, आणि ठराविक अंतराचा ठोका म्हणजे एखादा दात उडालेला असतो. पिनियनचा दात असेल तर ठोके भराभर येतात, क्राऊनचा (पिनियनला भिडणाऱ्या मोठ्या गिअरचा) असेल तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक. शेवटचा घाव रिव्हर्समध्ये बसला यात नवल नाही. रिव्हर्समध्ये भार दातांच्या दुसऱ्या अंगावर येतो, आणि त्या अंगाने दात कमी ताकदीचे असतात.

अशा वेळी पहिले काम चाकांखाली दगड लावण्याचे. या जातीच्या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम चाकांत नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकाला असतो. तो प्रोपेलर शाफ्ट धरतो, आणि शाफ्ट क्राऊन-पिनियनमार्फत चाके धरतो. पिनियनचे दात गेले की हँडब्रेक ओढूनही गाडी उताराला लागते. मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडवला किंवा एका बाजूचा एक्सल शाफ्ट उपसला तरी तेच. बागेच्या वाटा उताराच्या असतात आणि माणसे गाडीच्या मागेच उभी असतात. त्यामुळे पाना हातात घ्यायच्या आधी चारही चाकांना दगड हवेत.

मागचा प्रोपेलर शाफ्ट काढून, फोर-व्हील टाकून, पुढच्या चाकांच्या जोरावर रिकामी गाडी घरापर्यंत आणता येते. हंगामात हाच मोठा आधार. पुढचा एक्सल मागच्यापेक्षा नाजूक आहे, म्हणून क्रेट आधी उतरवावेत आणि वळणावर जोर देऊ नये.

उघडल्यावर काय दिसले

या एक्सलचा गोळा पुढून सुटा निघत नाही. हौसिंग (बाहेरचे कवच) आणि नळ्या एकत्र, मागे दहा बोल्टांचे झाकण. झाकण काढून आतला माल मागून बाहेर घ्यायचा. जीपवर दिसणारा डाना ४४ (डाना कंपनीचे एक्सलचे मॉडेल) हाच. हौसिंगच्या ओतीव भागावर ४४ आकडा असतो, गंज खरवडला की सापडतो.

तेल काढले तर चहात दूध जास्त झाल्यासारख्या रंगाचे, तळाला लोखंडी कणांचा गाळ. पिनियनचे दोन दात मुळातून गेलेले, क्राऊनच्या लागोपाठच्या दातांचे कोपरे उडालेले. सर्वांत बोलकी खूण क्राऊनच्या खालच्या भागावर होती: एका सरळ रेषेत गंज. त्या रेषेच्या खालचा भाग महिनोन्‌महिने पाण्यात उभा होता. बेअरिंगच्या कपावर (बाहेरच्या कड्यावर) रोलरच्या अंतराने काळे पट्टे उमटलेले, तेही उभ्या गाडीत पाणी बसल्याचेच लक्षण. म्हणजे दात तुटले ते नंतर. आधी पाण्याने बेअरिंग खाल्ली, बेअरिंग सैल झाल्यावर पिनियन मागेपुढे डुलायला लागले, दातांचा मेळ बिघडला आणि भार दाताच्या टोकावर येऊ लागला.

पाणी शिरले कुठून? एक्सलच्या नळीवर एक छोटा ब्रीदर असतो. गाडी चालली की आतली हवा तापून तिथून बाहेर पडते. या गाडीचा ब्रीदर कुंभारमाशीच्या मातीच्या घराने गच्च बुजलेला, वर रंगाचे दोन हात. तापलेला एक्सल व्हाळाच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आक्रसते, ब्रीदर बंद असल्याने ती सीलच्या (तेल अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) ओठातून पाणी ओढून घेते. खाडीलगतच्या वाटेवर तर हे पाणी खारे. एका हंगामात चमचा-दोन चमचे शिरले तरी पुढे गाडी उभी राहते तेवढ्या काळात ते आपले काम करते. दुसऱ्या गाडीचा गोळा आणून हाच बुजलेला ब्रीदर ठेवला असता तर तोही असाच गेला असता.

शोधायचे काय

बहुतेक जण इथे चुकतात. फोनवर “एफसीचा गोळा आहे का” असे विचारले जाते, आणि समोरचा “आहे” म्हणतो. गाडीच्या नावावर हा माल मिळवणे म्हणजे नशिबाची परीक्षा आहे. महिंद्राने १९४७ मध्ये विलीज जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून जीप, पिकअप, सैन्याच्या गाड्या अशा अनेक रूपांत जवळपास हाच एक्सल धावला. पण दात वेगळे, शाफ्टच्या खाचा वेगळ्या, रुंदी वेगळी. शिवाय पन्नास वर्षांत कुणी काय बदलले त्याची नोंद नसते. म्हणून आधी आपल्या गाडीची मापे कागदावर घ्यायची, मग फोन.

पहिले माप दातांचे. क्राऊनचे दात ÷ पिनियनचे दात. ४३ आणि ८ म्हणजे ५.३८, ३९ आणि ८ म्हणजे ४.८८; ४१ आणि ९ म्हणजे ४.५६, ४७ आणि ११ म्हणजे ४.२७. दात मोजताना एका दातावर खडूची खूण करून मोजावे आणि दोनदा मोजावे, कारण ४१ आणि ४३ मध्ये हटकून घोटाळा होतो. या गाडीत ४३:८ निघाले. फोर-व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा आकडा एकच असावा लागतो. मागे ४.८८ आणि पुढे ५.३८ ठेवले तर दोन्ही एक्सल एकमेकांना ओढतात. चिखलात चाके घसरून ते निभते, कातळावर ट्रान्सफर केसवर ताण चढत जातो, लिव्हर निघत नाही, शेवटी काहीतरी तुटते. ज्याला फोर-व्हील कधीच लागत नाही त्याला ४.८८ ने गाडी थोडी मोकळी पळते. पण भरल्या गाडीने बागेचा चढ काढायचा असेल तर ५.३८ सोडू नये.

दुसरे माप एक्सल शाफ्टच्या टोकावरच्या खाचांचे. जुन्या शाफ्टना १० जाड खाचा, नंतरच्यांना १९. या गाडीच्या १०. खाचा जुळल्या नाहीत तर शाफ्ट गोळ्यात शिरणारच नाही.

तिसरे, क्राऊन ज्यावर बसतो त्या केसची पायरी. डाना ४४ मध्ये ३.७३ पर्यंतच्या आकड्यांसाठी एक केस, ३.९२ पासून वरच्यांसाठी दुसरी. वरच्या यादीतले सगळे जोड दुसऱ्या गटातले, म्हणून या गाडीला अडचण नव्हती. नव्या जमान्याच्या, ३.७३ किंवा त्याखालच्या आकड्याच्या एक्सलमधला माल मात्र इथे बसत नाही.

चौथे माप रुंदीचे, आणि पूर्ण एक्सल आणायचा असेल तरच ते लागते. अमेरिकेत एफसी-१५० ची चाकांमधली रुंदी सुरुवातीला सुमारे ४८ इंच होती, साध्या जीपएवढी. गाडी उंच आणि अरुंद वाटते म्हणून पुढे ती ५७ इंच झाली. जीपचा अख्खा एक्सल अशा रुंद गाडीखाली टाकला तर पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) बैठकी जुळत नाहीत, चाके आत जातात आणि वळणावर भरलेली गाडी धोक्याची होते. बैठकी कापून वेल्डिंग करायचा सल्ला सर्रास मिळतो. नळी तापून वाकली की दोन्ही शाफ्ट एका रेषेत राहत नाहीत आणि सील वर्षभरात गळू लागते, म्हणून तो घेऊ नये. आपली हौसिंग, आपले शाफ्ट, आपले ब्रेक ठेवावेत आणि फक्त आतला माल शोधावा. त्यासाठी जीपचा कुठलाही अरुंद एक्सल चालतो, आणि तो एफसीच्या एक्सलपेक्षा कितीतरी सहज मिळतो.

शोध

कोकणात या मालाचा बाजार नाही. भंगारात आलेली जीप किनाऱ्यावर फार काळ टिकतच नाही. खारी हवा नळ्या आतून खाते. देवगडहून जवळचा खरा आधार कोल्हापूर, फोंडाघाट चढून राधानगरीमार्गे. शिवाजी उद्यमनगरात लेथ, गिअरचे कारागीर आणि बेअरिंगची दुकाने एकाच फेऱ्यात सापडतात. जुन्या सुट्या भागांसाठी मुंबईत कुर्ला. त्यापलीकडे हरियाणातली मंडी डबवाली, जिथे जुन्या जीप नव्याने बांधायचा धंदाच आहे.

मालवणातल्या एका जुन्या मेस्त्रींनी फोनवर एकच वाक्य सांगितले: “गोळो गावतलो, पण आदी दात मोजून सांगा.” ते ऐकायच्या आधीच एक गोळा मागवला गेला होता. मुंबईच्या एका विक्रेत्याने “एफसीचाच” म्हणून बसच्या पार्सलने पाठवलेला. उघडला तर ३९:८, खाचा १९. दोन्ही मापे चुकीची. वरून काळा रंग, आत ताजे ग्रीस, आणि स्टार गिअर (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळे फिरू देणारे केसमधले छोटे गिअर) वेल्डिंगने एकत्र चिकटवलेले. ट्रॉली ओढणारे आणि चिखलात गाडी घालणारे दोन्ही चाके एकदम फिरावीत म्हणून असे करतात. रस्त्यावर अशी गाडी वळणात टायर घासते आणि शाफ्ट तोडते. ओळखायची खूण सोपी आहे: एका बाजूचा सन गिअर (ज्यात एक्सल शाफ्टचे टोक बसते तो) हाताने फिरवला तर दुसऱ्या बाजूचा उलट फिरला पाहिजे.

पुढच्या प्रत्येक विक्रेत्याकडे पैसे द्यायच्या आधी एवढे फोटो मागितले गेले: खडूची खूण केलेला क्राऊन, पिनियनचे तोंड समोरून, सन गिअरच्या आतल्या खाचा, आणि क्राऊन व पिनियन दोन्हींवर कोरलेला जोडीचा नंबर. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने निघतात. नंबर वेगळे असतील तर ते दोन वेगळ्या गाड्यांचे आहेत. कितीही चकचकीत दिसोत, एकत्र बसवले की ओरडणार आणि झिजणार.

शेवटी माल मिळाला तो कोल्हापुरात, एका सीजे-३बी जीपच्या एक्सलमध्ये. नळ्या गंजून भोके पडलेली, म्हणून मालकाने भंगारात काढलेला. मधला भाग कोरडा, तेल काळे पण स्वच्छ, दात ४३:८, जोडीचे नंबर एक. जागेवरच तीन गोष्टी केल्या गेल्या. दात डिझेलने पुसून प्रत्येक दातावरून नख फिरवले: नख कुठे अडकले तर खड्डा आहे. दाताच्या कडेवर बारीक कानस लावून पाहिली. कानस घसरली म्हणजे वरचा कडक थर शाबूत, कानस लागली तर तो दात काही महिन्यांचा सोबती. आणि सर्वांत मोलाचे, माल बाहेर काढायच्या आधी त्याच हौसिंगमध्ये डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे घड्याळ) लावून क्राऊनचा बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, मोजून ठेवला: ०.२० मिमी. वापरलेले दात ज्या मोकळीकीत झिजले त्याच मोकळीकीत पुन्हा बसवले तर गप्प चालतात. हा आकडा एकदा माल बाहेर निघाला की परत मिळत नाही.

आपल्या गाडीची केस, स्टार-सन आणि मधली पिन तपासल्यावर धडधाकट निघाली, खाचा १० च. त्यामुळे अख्खा गोळा लागलाच नाही. क्राऊन-पिनियनचा जोड, पिनियनची दोन आणि केसची दोन अशी चार टेपर बेअरिंग, तीन ऑइल सील, झाकणाचे पॅकिंग, शिमांचा (जाडी जुळवायच्या पातळ चकत्यांचा) एक संच आणि क्राऊनचे नवे बोल्ट, एवढीच यादी. बेअरिंगवर कोरलेला नंबर वाचून ती कुठल्याही चांगल्या दुकानात मिळतात. जुने बेअरिंग पुसून परत लावण्यात बचत नाही.

बसवताना

हब (चाक ज्यावर बसते तो भाग) काढताना शाफ्टच्या टोकावर घण मारू नये. या एक्सलचे शाफ्ट निमुळत्या टोकाचे, चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याने) हबला जोडलेले आहेत, आणि दोन्ही शाफ्टच्या आतल्या टोकांमध्ये गोळ्यात एक ठोकळा असतो. बाहेरचा घाव त्या ठोकळ्यामार्गे पलीकडच्या बेअरिंगवर बसतो. हबचा पुलरच वापरावा. रात्रभर ताण देऊन ठेवला की सकाळी हब सुटलेला असतो. ब्रेक प्लेटखालचे शिम डावे-उजवे वेगळे तारेत बांधून ठेवावेत, शाफ्टची मागेपुढे मोकळीक त्यांनीच ठरते.

पिनियनची खोली ठरते ती आतल्या बेअरिंगच्या कपामागच्या शिमांनी. पिनियनच्या तोंडावर +२, ० किंवा −१ असा आकडा कोरलेला असतो, इंचाच्या हजाराव्या भागात. जुन्यावर +२ आणि आणलेल्यावर −१ होता. फरक तीनचा, आणि वजा म्हणजे पिनियन क्राऊनच्या जवळ हवे. म्हणून जुन्या शिमांपेक्षा ३ हजारांश इंच, म्हणजे सुमारे ०.०८ मिमी, जाड शिम घातले गेले. उलट केले तर चूक दुप्पट होते.

पिनियनच्या बेअरिंगचा ताण बाहेरच्या बेअरिंगमागच्या शिमांनी. शिम कमी केले की ताण वाढतो. नट पूर्ण, २७० ते ३०० न्यूटन-मीटरला आवळूनच तो मोजायचा, सील न घालता. बीम टॉर्क रेंच नसेल तर पिनियनच्या टोकाच्या फ्लँजभोवती (गोल चकतीभोवती) दोरी गुंडाळून स्प्रिंगकाट्याने ओढावे. हवाय सुमारे ३ न्यूटन-मीटर. दोरी फ्लँजच्या मध्यापासून ४ सेंटिमीटरवर असेल तर फिरता ठेवायला काटा साडेसात किलोच्या आसपास दाखवतो. दोन-तीन किलोला फिरत असेल तर ताण कमी आहे आणि भार आल्यावर पिनियन पुन्हा डुलणार. पंधरा किलो लागत असेल तर बेअरिंग तापून निळे पडेल.

केसच्या दोन्ही बाजूंच्या शिमांची एकूण जाडी जुनीच ठेवली, फक्त डावीकडून उजवीकडे हलवत बॅकलॅश ०.२० वर आणला. नवा जोड असता तर ०.१३ ते ०.२० मिमीच्या दरम्यान ठेवायचा. क्राऊनभर चार ठिकाणी मोजून आकड्यांत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक नको. फरक आला तर क्राऊन आणि केसमध्ये कुठेतरी कचरा किंवा धातूची उठलेली कड राहिली आहे. केस घट्ट बसते म्हणून हौसिंग ताणायचे साधन वापरतात, पण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त ताणले तर ती परत जागेवर येत नाही. केसच्या बेअरिंगवरच्या टोप्या डाव्या-उजव्या आणि वर-खाली जशा होत्या तशाच.

मग दात कुठे भिडतात त्याची खूण पाहणे. प्रशियन ब्लू (खुणेचा निळा रंग) नसेल तर तेलात कालवलेला शेंदूर चालतो. क्राऊनच्या तीन-चार दातांना पातळ लावून, केसला लाकडाच्या पट्टीने थोडा अडसर देत पिनियन फिरवावे. खूण दाताच्या मुळाशी आली तर पिनियन फार आत आहे, शिम कमी करा. टोकाकडे आली तर शिम वाढवा. दाताच्या आतल्या, अरुंद टोकाला आली तर क्राऊन पिनियनपासून दूर न्या. बाहेरच्या रुंद टोकाला आली तर जवळ. वापरलेल्या जोडावर खूण पुस्तकातल्यासारखी स्वच्छ येत नाही. ती मधोमध सरकली आणि कडेला भिडत नसली की पुढे जावे. इथे कंटाळा करणाऱ्याला गोळा दुसऱ्यांदा उघडावा लागतो.

तेल हायपॉइड गिअरचे, एसएई ९० किंवा ८०डब्ल्यू-९०, सुमारे सव्वा लिटर. खरे माप फिलरच्या भोकाच्या कडेपर्यंत, गाडी सपाटीवर असताना. हबचा नट आवळल्यावर कॉटर पिनचे भोक जुळत नसेल तर अजून आवळावे, कधीही मागे फिरवू नये. निमुळत्या टोकावर हब जरा सैल राहिला तरी चावी कापली जाते.

ब्रीदरच्या जागी नळीची निप्पल बसवली आणि ८ मिमीचा डिझेल होस चेसिसवरून माल ठेवायच्या हौद्याखाली उंच नेऊन, तोंड खाली वाकवून बांधला. तोंडाला जाळी, म्हणजे माशीला घर करता येत नाही.

पंधरा मिनिटे रिकामी चालवून हौसिंगला हात लावला: कोमट, पिनियनच्या तोंडाशी थोडी जास्त ऊब. हात ठेववत नसेल तर तिथेच थांबायचे असते. पहिले ५०० किलोमीटर अर्धाच माल, मग तेल बदल. निघालेल्या तेलात बारीक राखाडी भुकटी होती, कण नव्हते, दुधाळपणा नव्हता.

कागदपत्रांबाबत विचारणा होते म्हणून: एक्सलच्या आतले भाग बदलल्याने इंजिन नंबर, चेसिस नंबर बदलत नाही, भंगार मालाची पावती जपून ठेवावी. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आहे. पण तिथे इंजिन, चेसिस, बॉडीत मोठा फेरफार झालेला चालत नाही आणि व्यवसायासाठी गाडी वापरता येत नाही. डिझेल टाकलेल्या, आंबा वाहणाऱ्या पिकअपला तो मार्ग नाही.

मागचे काम उरकल्यावर पुढच्या एक्सलचा निचरा प्लग उघडला तर तिथेही तेल दुधाळ. दात आणि बेअरिंग अजून शाबूत होती. डिझेलने धुऊन, सील बदलून, त्यालाही तसाच होस वर नेला. भंगार एक्सलमधून उरलेल्या केसला आणि स्टार-सनला ग्रीस चोपडून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर “४३:८ ची केस, मागचा” असे लिहून शेडच्या माळ्यावर ठेवले आहे.